जामबागेतील ‘बाग’

हैदराबाद शहरात कोठीकडून मोअज्जमजाही मार्केटकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत जामबाग नावाची वस्ती लागते. नावावरून कोणी फळझाडांच्या शोधात तेथे गेला, तर त्याची निराशाच व्हावयाची. दुकाने, शिक्षणसंस्थांच्या इमारती आणि वाहनांची अखंड वर्दळ, असे त्या वस्तीचे रूप आहे. पुष्कळ वर्षे तेथे फुलांचा घाऊक बाजार भरत असे. झेंडू-शेवंतीच्या राशी पाहून नावाची थोडीफार सार्थकता तरी पटत असे. पुढे तो बाजारही गुडीमल्कापूरला हलविण्यात आला. नाव मात्र जेथल्या तेथे आहे.

हैदराबादच्या मराठी माणसाच्या मनात हे नाव एका शाळेशी जोडलेले आहे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू होती. मराठवाड्याचे जिल्हे मराठी बोलत, तेलंगणाचे तेलुगू आणि कर्नाटकाकडचे कानडी. पण कचेरीत पाऊल टाकले की या तिन्ही भाषांना दाराबाहेर थांबावे लागे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याचे माध्यमही उर्दूच ठरले. अशा त्या काळात, १९०७ साली, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी ही शाळा सुरू झाली. तिचा विस्तार होऊन झालेल्या संस्था आज जामबागेत उभ्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यावर त्या राज्याची राजधानी झाले. अनेक मराठी कुटुंबे मात्र होती तेथेच राहिली. आपली भाषा ज्या मुलखात राजभाषा नाही, तेथे ती बोलत राहणे हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे.

अशा ठिकाणी एक प्रश्न सहज उभा राहतो. ‘जामबाग’ हे नाव कोणत्या भाषेचे? बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतील की, ते फारसी किंवा उर्दू आहे. हे उत्तर वरवर बरोबर आहे. पण नावाचे दोन तुकडे करून पाहिले म्हणजे त्यातून निराळीच हकीकत बाहेर पडते.

त्यातील ‘जाम’ हा तुकडा आधी घ्यावा. फारसीत जाम म्हणजे पेला. पण पेल्यांची बाग कोणी लावीत नाही. हैदराबादच्या दखनी बोलीत पेरूला जाम म्हणतात, तेलुगूतही पेरूला जामच म्हणतात आणि मराठवाड्यात व विदर्भात जांब म्हणतात. तेव्हा शहरातल्या माणसाच्या कानाला जामबाग म्हणजे पेरूची बाग असाच अर्थ लागतो. आता पेरू हे फळ मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात आले. पश्चिम महाराष्ट्राने त्याला पोर्तुगीजांच्या ‘पेरा’ या शब्दावरून पेरू म्हटले. दख्खनच्या आतल्या भागाने तसे केले नाही. त्याने नव्या फळाला घरातलेच जुने नाव दिले. जाम किंवा जांब हे नाव संस्कृत ‘जम्बू’ शब्दाच्या कुळातले आहे. जांभूळ त्याच कुळातले आणि संकल्पातले जंबुद्वीपही त्याच कुळातले. म्हणजे फळ परदेशी आणि नाव स्वदेशी, असा हा जामचा प्रकार झाला.

‘बाग’ या तुकड्याची गोष्ट याच्या नेमकी उलट सांगितली जाते. बागा येथे होत्याच. उद्यान, उपवन, वाटिका, आराम हे शब्द संस्कृतात होते. लोकभाषेत वाडी, मळा, राई हे शब्द होते. मग मुसलमानी सत्ता आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘बाग’ हा परका शब्द आला, असे सांगण्यात येते. १३१८ साली यादवांचे राज्य संपले आणि १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. पुढील तीन शतकांत फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा झाली आणि तिचे शेकडो शब्द मराठीत शिरले. ‘बाग’ हा त्यांपैकीच एक, यात शंका नाही. शंका आहे ती ‘परका’ या विशेषणाविषयी.

फारसीत ‘बाग’ हा शब्द कोठून आला, याचा माग भाषाशास्त्रज्ञांनी काढला आहे. इस्लामपूर्व काळातील मध्य फारसीत तो होता आणि मध्य आशियातील सोग्दी भाषेतही होता. अवेस्तेच्या अतिप्राचीन गाथांच्या भाषेत ‘बाग’ असा शब्द आढळतो आणि त्याचा अर्थ ‘वाटा, हिस्सा’ असा लावला जातो. संस्कृतातील ‘भाग’ हा शब्द याच्याच शेजारी ठेवला की दोघांचे नाते उघड होते. जमिनीचा वाटा, तुकडा, वाफा. मग भिंत घालून राखलेला तुकडा. मग झाडाफुलांनी भरलेला तुकडा, असा अर्थाचा प्रवास इराणात झाला. संस्कृतातला भाग मात्र भागच राहिला.

हे नाते केवळ दिसण्यावरून जोडलेले नाही. शब्द सारखे दिसतात म्हणून ते सगोत्र ठरत नाहीत. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार व अर्थ जवळजवळ एकच आहे, पण त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तो योगायोग आहे. नाते सिद्ध होते ते नियमाने. संस्कृत आणि इराणी या दोन्ही भाषा एका जुन्या भाषेतून निघाल्या. इराणी शाखेत घ, ध, भ यांच्यातला महाप्राण गळाला. म्हणून संस्कृतातील भूमीच्या जागी फारसीत ‘बूम’ आहे, भ्रात्याच्या जागी ‘बिरादर’ आहे आणि भाराच्या जागी ‘बार’ आहे. त्याच नियमाने भागाच्या जागी ‘बाग’ आला. शेवटचा ग इराणात घशातून घासून उच्चारला जाऊ लागला. मराठीने तो उच्चार स्वीकारला नाही आणि साध्या ग वरच भागविले.

हा नियम एकदा ध्यानात आला म्हणजे मराठीतच अशा जोड्या जागोजागी दिसू लागतात. हात या अर्थाचा ‘बाहू’ संस्कृतातून आला आणि त्याचाच इराणी भाऊ ‘बाजू’ फारसीतून आला. मराठीने एकाला हाताचा अर्थ ठेवला आणि दुसऱ्याला अंगाच्या, घराच्या व वादाच्या कडेचा अर्थ दिला. सात दिवसांचा ‘सप्ताह’ गावच्या देवळात बसतो आणि फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात, यावरून आलेला ‘हप्ता’ सावकाराच्या वहीत बसतो. बाजारातले ‘बारदान’ म्हणजे भार ठेवण्याचे साधन. त्यातले ‘दान’ हे राजधानीतल्या ‘धानी’चे भावंड आहे. ‘दरवान’ या शब्दात दर म्हणजे द्वार आहे आणि वान म्हणजे राखणारा आहे. संस्कृतातील ‘पा’ म्हणजे रक्षण करणे हाच धातू तेथे आहे. तेव्हा दरवान आणि द्वारपाल हे दोघे एकाच साच्यात घडलेले शब्द होत. व्यापारातला ‘भागीदार’ आणि कंपन्यांच्या कायद्यातला ‘भागधारक’ यांचेही तसेच आहे. फारसी ‘दार’ आणि संस्कृत ‘धारक’ या दोहोंच्या तळाशी धरणे हाच अर्थ आहे. मराठी माणूस रोज दोन्ही शब्द वापरतो आणि एक आपला व दुसरा परका असे मानतो.

भाग हा शब्द ‘भज्’ या धातूपासून झाला. वाटून देणे, वाटा घेणे, सहभागी होणे हा त्या धातूचा मूळ अर्थ. वैभव वाटून देणारा वैदिक देव तो भग. देवाचा जो झाला, त्याच्या कृपेत ज्याचा वाटा आहे तो भक्त. इराणात ‘बग’ या शब्दाला देव असाच अर्थ आला आणि बगदाद या नावातील पहिला तुकडा तोच, म्हणजे देवाने दिलेले नगर, असे मानले जाते. याप्रमाणे भक्त, भजन, भाग्य आणि बाग ही एकाच घराण्याची लेकरे ठरतात. पंढरीच्या वाटेवर भजन म्हणणाऱ्या वारकऱ्याला डाळिंबाची बाग दिसते, तेव्हा या दोन शब्दांचे कूळ एक आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

हैदराबादेत या भावंडांची गाठ एका वेगळ्याच वादात पडली आहे. हे शहर १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने वसविले. त्याचे एक जुने नाव मराठी कागदपत्रांत ‘भागानगर’ असे येते. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीस गेले ते मराठ्यांच्या भाषेत भागानगरास गेले. फिरिश्त्याने आपल्या इतिहासात भागमती नावाच्या स्त्रीवरून शहराला भागनगर हे नाव पडल्याचे लिहिले. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने मात्र ‘बागनगर’ असे नाव दिले. बादशहाच्या नगर नावाच्या प्रिय राणीची ती बाग, असा त्याने त्याचा अर्थ सांगितला आहे. हारून खान शेरवानी यांच्यासारख्या इतिहासकारांनी भागमतीची कथा दंतकथा ठरवून, बागांचे शहर म्हणून बागनगर, हाच पक्ष उचलून धरला. इतर अभ्यासकांनी भागमतीचा पक्ष सोडला नाही. तेलुगूत भाग्यनगर हे नाव रूढ आहे. नावाच्या या वादाला पुढे राजकारणाचीही धार चढली.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सोळाव्या शतकात लोक या शहराला काय म्हणत होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो कागदपत्रांनीच सुटेल. फ्रेंच माणसाच्या भाषेत भ हा वर्णच नाही. त्यामुळे भागचे बाग होणे त्याच्या लेखणीत अगदी स्वाभाविक होते. मराठी कारकुनाला भ आणि ब यांतला फरक नीट कळत होता. म्हणून भागानगर या रूपाला काही वजन द्यावे लागते. उलट, बाग हा शब्द ऐकून ‘भाग्य’ आठवणे हेही अशक्य नाही. भाषाशास्त्र या भांडणात निकाल देऊ शकत नाही. भांडणातले दोन्ही पक्षकार मुळात एकाच घरचे आहेत, एवढे मात्र ते सांगू शकते.

बाग म्हणजे वाटा, हा अर्थ इराणी लोक पुरते विसरले होते असेही म्हणता येत नाही. त्यांच्या बागेची जी रचना जगभर नावाजली, ती ‘चारबाग’ या नावाची. मध्ये पाण्याचे पाट, ते एकमेकांस काटकोनात छेदणारे, आणि त्यांनी पडलेले चार समान भाग. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा अशाच बागेच्या मध्यावर उभा आहे. इराण हा कोरडा मुलूख. तेथे बाग होते ती पाऊस पडतो म्हणून नव्हे, तर पाण्याचा वाटा मिळतो म्हणून. पाणी वाटून घेतल्याशिवाय त्या देशात झाड उभे राहत नाही.

आणि नेमका हाच अर्थ मराठी शेतकऱ्याने पकडला. फारसीत ‘बागात’ हे बाग शब्दाचे अनेकवचन. बागा एवढाच त्याचा अर्थ. मराठीत आल्यावर त्याचे बागाईत व बागायत झाले आणि त्याला निराळाच अर्थ चिकटला. विहिरीच्या अथवा पाटाच्या पाण्यावर पिकणारी जमीन ती बागायत. तिच्या जोडीला ‘जिराईत’ हा शब्द आला. मूळ अरबीत ‘जिराअत’ म्हणजे नुसती शेती. मराठीने त्याचा अर्थ आवळला आणि केवळ पावसाच्या पाण्यावरची शेती ती जिराईत, असे ठरविले. बागायतीचे पुन्हा मोटस्थळ आणि पाटस्थळ असे पोटभेद झाले. यातले अर्धे शब्द फारसी-अरबी आणि अर्धे मराठी. पण हे वर्गीकरण कोणा इराण्याला वा अरबाला कळणार नाही. ते दख्खनच्या जमिनीने घडविले आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी शेतांना ठरलेल्या क्रमाने वाटून दिले जाई. पाण्याची पाळी ज्याच्या शेताला आली, त्याचे शेत बागायत. सातबाराच्या उताऱ्यावर आजही जिरायत आणि बागायत हे दोन शब्द छापलेले असतात आणि जमिनीची किंमत, कर्ज व कमाल धारणेची मर्यादा यांपैकी बरेच काही त्यांवर अवलंबून असते. बाग म्हणजे वाटा, हा दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा अर्थ कोणी न शिकविता दख्खनच्या शेतात पुन्हा उगवला, असे म्हणावयास हरकत नाही.

शब्दाला घरात घेताना मराठीने त्याच्यावर आपले सर्व संस्कार केले. फारसीत नामांना लिंग नाही. उर्दूने बाग पुल्लिंगी मानला. मराठीने तो बहुधा स्त्रीलिंगी केला. मुंबईत राणीचा बाग आणि राणीची बाग असे दोन्ही प्रकार ऐकू येतात. तेथील पाटीवर मात्र वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे लिहिलेले आहे. मुलांना प्राणी दाखवावयाला नेणारे आईबाप उद्यानात नेत नाहीत, राणीच्या बागेत नेतात. बागेत, बागेला, बागा, बागांमधून अशी मराठी विभक्ती त्या शब्दाने अंगी लावून घेतली. पुण्यात तो तुळशीला जोडला गेला आणि तुळशीबाग झाली. सर्वांत गोड जोड म्हणजे ‘परसबाग’. घरामागचे परस मराठमोळे, बाग इराणी; आणि त्यात आळू, कढीलिंब व भोपळ्याचा वेल.

घरातल्या जुन्या शब्दांनीही नव्या शब्दाला जागा करून दिली. फारसीत ‘बागवान’ म्हणजे बाग राखणारा. परंतु मराठीत माळी हा शब्द पूर्वीपासून पक्का बसलेला होता. त्यामुळे बागवानाने माळ्याची जागा घेतली नाही. तो फळे व भाजीपाला विकणाऱ्या समाजाचे नाव झाला. ‘बगीचा’ म्हणजे फारसीत लहान बाग. मराठीत त्याचा लहानपणा विसरला गेला आणि बागबगीचा असा जोडशब्द झाला. संस्कृत वाटिकेपासून आलेली वाडी कोकणात माडापोफळीची बाग म्हणून राहिली, घाटावर पुष्कळ ठिकाणी ती लहान वस्तीचे नाव झाली आणि शिक्षणात बालवाडी म्हणून परत आली. कोणीही कोणाला घराबाहेर काढले नाही. प्रत्येकाने आपापला कोपरा धरला.

तरीही उसन्या शब्दांचा प्रश्न मराठीत कधीच शांत राहिला नाही, आणि त्याला सबळ कारणे होती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रांतील शब्द मोजून पाहिले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, १६७७ च्या पत्रात शेकडा ६२ च्या आसपास आणि १७२८ च्या पत्रात शेकडा ९३ हून अधिक, असा हिशेब त्यांनी काढला. पहिल्या पत्राची भाषा मराठी म्हणवून घेण्याच्या लायकीची तरी होती की नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश तयार करविला, त्यामागे हीच तळमळ होती. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. ज्याचे राज्य, त्याच्या भाषेत हुकूम निघावा, ही मागणी रास्त होती. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. महापौर, दिनांक, क्रमांक यांसारखे त्या चळवळीतून रूढ झालेले शब्द आज तिचे विरोधकही वापरतात.

या वादातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे माधव जूलियन, अर्थात प्रा. माधवराव पटवर्धन. ते फारसीचे प्राध्यापक होते. गझल आणि रुबाई हे प्रकार त्यांनी मराठीत रुजविले आणि त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मराठीत कोणता शब्द कोठून आला, हे त्यांच्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ साली त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. याला कोणी विसंगती म्हणेल. पण ज्याने दोन्ही भाषांवर मनापासून प्रेम केले, त्याच्या मनातली ती ओढाताण होती. फारसी वैभवाची भाषा होती हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तिच्या छायेत मराठी खुरटेल ही भीतीही त्यांना अधिक वाटली असावी.

मग बागेचे काय करावे? या ठिकाणी एक मोह टाळला पाहिजे. बाग हा भागाचा सख्खा भाऊ निघाला, म्हणून त्याला घरात ठेवावे, असे म्हणणे सोपे आहे आणि ऐकावयास गोडही लागते. पण त्या न्यायाने जिराईत हा शब्द घालवावा लागेल. कारण तो अरबी आहे आणि संस्कृताशी त्याचे काहीच नाते नाही. आणि सातबारावर बागायत राहील व जिरायत जाईल, असे झाले तर शेतकरी हसेल. त्याच्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखेच मराठी आहेत. बाग मराठी झाली ती रक्ताच्या नात्याने नव्हे. ते नाते तर शेकडो वर्षे कोणाला माहीतच नव्हते. लोकांनी तिला लिंग दिले, विभक्ती दिली, परसात जागा दिली आणि तिच्यापासून नवे शब्द निर्माण केले, म्हणून ती मराठी झाली.

हीच गोष्ट दूर पूर्वेकडे जपानात आणखी ठळकपणे दिसते. जपानी भाषेने चिनी भाषेकडून हजारो शब्द घेतले. चालणे या अर्थाचे एकच चिनी अक्षर तिने वेगवेगळ्या काळांत तीनदा उसने घेतले आणि तिन्ही उच्चार सांभाळून ठेवले. तपश्चर्या या अर्थाच्या ‘शुग्यो’ शब्दात त्याचा उच्चार ग्यो होतो, बँक या अर्थाच्या ‘गिन्को’ शब्दात को होतो आणि कागदी दिवा या अर्थाच्या ‘आन्दोन’ शब्दात आन होतो. बाहू आणि बाजू, सप्ताह आणि हप्ता यांसारखाच हा संसार. ‘झेन’ या जगप्रसिद्ध शब्दाचा प्रवास तर भारतातूनच सुरू झाला. संस्कृत ‘ध्यान’ प्राकृतात ‘झान’ झाले, बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये जाऊन ‘चान’ झाले आणि तेथून जपानात ‘झेन’ झाले. तेथे त्या नावाचे पंथ झाले, मठ झाले, वाळू-दगडांच्या बागाही झाल्या. इकडे मराठीत ध्यान हा शब्द विठ्ठलाच्या रूपालाही लागला आणि अजागळ माणसाला पाहून ‘काय हे ध्यान!’ असे म्हणण्यापर्यंतही खाली उतरला. मूळ आमच्याकडचे म्हणून झेनवर भारतीयांनी हक्क सांगितला, तर जपानी माणूस नम्रपणे मान लववील आणि आपले काम पुढे चालू ठेवील. तो शब्द आता त्याचा आहे. त्या शब्दात जे जे भरले गेले, ते जपान्यांनी भरले.

हाच न्याय मराठीने स्वतःलाही लावून घ्यावा. कोणाच्या भाषेत किती उसने आहे याची मोजदाद अभ्यासकाने जरूर करावी; ती उपयुक्त आहे आणि राजवाड्यांनी ती कशी करावी हे दाखवूनही दिले आहे. भाषेला धोका उसन्या शब्दांपासून केव्हा असतो? जेव्हा बोलणारेच आपली भाषा कारभारात, शाळेत आणि घरात वापरावयाचे सोडून देतात तेव्हा. १६२८ च्या त्या पत्रात फारसी शब्द भरमसाट आहेत, ही व्याधीची खूण होती. व्याधी निराळीच होती. कारभार आपल्या हाती नव्हता, म्हणून भाषाही हाती उरली नव्हती. ज्या दिवशी कारभार हाती आला, त्या दिवशी भाषा आपोआप वळू लागली. मग ‘बाग’ राहिली काय आणि गेली काय, त्याने फरक पडला नाही. आणि ती राहिलीच.

हैदराबादेतील मराठी मंडळींनी हे अनुभवाने ओळखले होते. राजभाषा उर्दू आणि शेजारभाषा तेलुगू अशा शहरात त्यांनी शब्दांची शुद्धी करीत बसण्याऐवजी आधी शाळा काढली. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरविले गेले. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा अधिकारी निजामाच्या नोकरीत फारसी व उर्दू उत्तम शिकला आणि पुढे त्या ज्ञानाच्या बळावर फारसी साधनांतील मराठ्यांचा इतिहास त्याने मराठी वाचकांपुढे ठेवला. दुसऱ्याची भाषा येते म्हणून आपली भाषा सोडावी लागत नाही, हे त्या पिढीने दाखवून दिले.

आता जामबाग हे नाव पुन्हा एकदा वाचून पाहावे. अमेरिकेतून आलेले फळ, त्याला जम्बूच्या कुळातले देशी नाव, त्यापुढे भागाचा इराणी भाऊ, आजूबाजूला तेलुगू बोलणारे शहर आणि मधोमध मराठी माणसांनी काढलेल्या संस्था. या नावातले काय कोणाचे, याची वाटणी करावयास कोणी बसला, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एखादे अक्षर येईल. त्या संस्थांचा पत्ता लिहिणाऱ्या मराठी माणसाला अशी वाटणी सुचत नाही. तो ‘जामबाग’ असे लिहितो आणि त्याची सप्तमी करताना ‘जामबागेत’ असे म्हणतो.